आठव्या जोडीतले पोपट

१

"आठ नंबरला पोपट कुठून आले?"

उत्कर्षानं हे इतक्या साधेपणानं विचारलं की आधी कुणी मान वळवलीच नाही. दालनाचे मालक दत्तप्रसाद संध्याकाळच्या भाषणाचा कागद हातात धरून दुसरी फेरी मारत होते. रखवालदार मच्छिंद्र दाराला शेवंतीचा हार बांधत होता. एप्रिलचा शुक्रवार, सकाळचे दहा. संध्याकाळी सहाला उद्घाटन.

कर्वेनगरातल्या या दालनात 'डोंगर तोच' नावाचं प्रदर्शन लागलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्याच्या परिसराची बारा जलरंगचित्रं, आणि प्रत्येकाच्या शेजारी नेमक्या त्याच जागेवर उभं राहून उत्कर्षानं आता काढलेला फोटो. उत्कर्षा मूळची यवतमाळची. पाच दिवस हिंजवडीत संगणकासमोर बसायची आणि शनिवार-रविवार टेकड्यांवर ट्रायपॉड घेऊन चढायची.

आठव्या जोडीतला तिचा फोटो जागेवर होता: टेकडी, टेकडीच्या पायाशी इमारती, पाण्याच्या टाक्या, मोबाईलचा मनोरा. त्याच्या शेजारी काल भास्करराव गोवंड्यांचं १९११ सालचं चित्र होतं. तोच डोंगर, नुकतंच न्हाऊन उन्हाला बसल्यासारखा, पदराशी आंब्याची झाडं. आज तिथं चौकटीत भरतकाम होतं. पांढऱ्या दोसुतीवर दोन हिरवे पोपट, लाल मण्यांचे डोळे, चोचीत चोच, आणि खाली 'सुस्वागतम्'.

खिळा तोच होता, पट्टी तीच होती. पोपटांखाली लिहिलेलं होतं: 'डोंगर, सकाळ. जलरंग.'

दत्तप्रसादांनी कागद खाली केला. पोपटांकडे पाहिलं. मग सरळ मच्छिंद्रकडे.

"चोर!" ते ओरडले. "रात्रंदिवस इथं राहतोस ना तू? जिन्याखाली खोली कुणाला दिलीय? ऐक. सहाच्या आत चित्र भिंतीवर आलं नाही, तर पोलीस आणि तुझी नोकरी, दोन्ही एकदम."

मच्छिंद्रच्या हातातला हार अर्धाच बांधलेला राहिला. तो वाशिमचा. आधीच्या सोसायटीत कुणाची तरी सायकल हरवली तेव्हा 'बाहेरचा माणूस' म्हणून यालाच काढलं होतं. आता कुठं त्यानं एक खोली भाड्यानं घेतली होती. बायको चंद्रभागा आणि मुलगी रविवारच्या गाडीनं येणार होत्या.

"म्या नाही नेलं जी," तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. चित्राचे मालक आले होते.

२

श्रीधरपंत गोवंडे म्हणजे चित्रकाराचे नातू. बँकेतून निवृत्त झालेले, कसबा पेठेतले. त्यांच्यामागे स्कूटरवर त्यांचे मित्र रंगनाथराव बसले होते. रंगनाथराव टपालखात्यात चौतीस वर्षं अपुऱ्या पत्त्यांच्या टेबलावर होते. 'मावशीस, मारुतीजवळ, पुणे' एवढ्यावर त्यांनी पत्रं पोचवली होती. पुण्यात मारुती किती आणि मावश्या किती, याचा हिशेब ज्याला ठाऊक त्यालाच त्यातली कमाल कळावी.

"आजोबांचा डोंगर कुठाय?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"उडाला," दत्तप्रसाद म्हणाले.

"डोंगर?"

"पोपट ठेवून."

श्रीधरपंत खुर्चीत बसले. दत्तप्रसाद मात्र त्यांच्याकडे रोखून पाहू लागले. "पंत, राग मानू नका. पण मंगळवारीच तुम्ही चित्र परत मागत होतात. अमेरिकेतलं कुणी गिऱ्हाईक आलंय म्हणालात."

"परत मागायचं असतं तर मागितलं असतं. मी चेक वठवायचो, चोऱ्या नाही करायचो."

"आणि उत्कर्षा, तू काल म्हणालीस, या चित्राशेजारी माझा फोटो कुणी बघणार नाही."

"ओ सर, म्हणजे मी पेंटिंग पळवलं? आणि बदल्यात पोपट टांगले? माझ्या फोटोला पोपटांनी हेल्प होणारे का?"

रंगनाथराव या भांडणात नव्हतेच. ते पोपटांसमोर उभे होते. "यांना याआधी कुणी कुठं पाहिलंय?"

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. दत्तप्रसाद तर हसले. "असली हौशी कामं माझ्या नजरेत टिकत नाहीत हो. तीस वर्षं ही नजर घासलीय."

रंगनाथरावांनी चौकट खाली उतरवली, उलटी केली. भरतकामाची मागची बाजू पुढच्याइतकीच नीट, एकही गाठ दिसत नव्हती. मग ते हळूच वाकले. चित्राच्या खाली, भिंतीच्या कडेला, फरशीवर काहीतरी पडलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरून तळहातावर घेतलं.

एक भिजवलेला हरभरा. आणि त्याला बारीक, पांढरा मोड आलेला.

३

"दारं नीट होती का रे?" रंगनाथरावांनी मच्छिंद्रला बाजूला नेऊन विचारलं.

"नीट होती जी."

"रात्रभर इथंच होतास?"

"हाव."

"आणि सकाळी?"

मच्छिंद्र हातातला हार सारखा करू लागला. रंगनाथरावांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं. शेवंती, निशिगंध, झेंडू, सगळी दवानं ओली, देठ बाजारातल्या सुतळीनं बांधलेले. "ही फुलं मार्केट यार्डातली. तिथं फुलं घ्यायची तर उजाडतानाच गेलं पाहिजे. जाऊन यायला दोन तास. कोणी पाठवलं?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. त्याची नजर एकदा दत्तप्रसादांकडे गेली आणि परत फरशीवर आली.

"नको सांगूस," रंगनाथराव म्हणाले. "ज्याचं नाव तू घेत नाहीस, त्याचा पत्ता तुझ्या डोळ्यांनी दिलाय."

दुपारी बाराला एका दैनिकाचे कलासमीक्षक आले. संध्याकाळी गर्दी असते, फराळ संपतो, म्हणून लवकर. दत्तप्रसाद धावत दाराशी गेले. पोपट परत खिळ्यावर होते. समीक्षक एक, दोन, तीन करत आठव्या जोडीपाशी आले आणि थांबले. बराच वेळ थांबले. चष्मा काढला, घातला.

"धाडस आहे," ते म्हणाले. "सात जोड्या तुम्ही आम्हाला सवय लावता, आणि आठव्यात डोंगरच काढून घेता! डोंगराच्या जागी 'सुस्वागतम्'. शहर स्वागत करतंय की टोमणा मारतंय?"

"दोन्ही," दत्तप्रसाद म्हणाले.

"कल्पना कुणाची?"

"माझीच. म्हणजे, नजर माझी."

समीक्षक वहीत लिहीत गेले. दत्तप्रसाद पोपटांकडे नव्यानं पाहू लागले. "पंत," ते हळूच म्हणाले, "चित्राचा विमा आहेच. म्हणजे, पोपट राहिले तर तसं…"

"तसं काय?" उत्कर्षा ताडकन म्हणाली. "मग मच्छिंद्रभाऊंचं काय? त्यांना पोलिसात देणार होता ना तुम्ही?"

"ते वेगळं. चोरी ती चोरी."

उत्कर्षा मच्छिंद्रकडे गेली, आणि पाच वर्षांत पुण्यानं घासूनपुसून दिलेली तिची भाषा एकाएकी गळून पडली. "भाऊ, तुमी बोलत काहून नाही? काही मालूम असन तर सांगा ना."

"बोलून काय होते ताई? अठी माह्या बोलण्यापेक्षा त्या पोपटायचं बोलणं जास्ती चालते."

रंगनाथरावांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. ते उठून दालनाच्या मधोमध उभे राहिले. "चोरी झालेलीच नाही," ते म्हणाले. "पत्र आलंय. तुम्ही कुणी उघडलेलं नाही."

४

"चोर भिंत उघडी टाकून जातो," रंगनाथराव म्हणाले. "शेजारणीचं भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, तसं ज्याला बोडका खिळा बघवत नाही तो चोर नव्हे. तो उसना नेणारा. आणि ज्यानं आठवणीनं पोपट आणून टांगले, तो निरोप न ठेवता जाईल? निरोप ठेवलाय. पेटी कुठली, एवढंच बघायचं. या दालनात लिहायची जागा कोणती?"

सगळ्यांनी एकदम दाराजवळच्या टेबलाकडे पाहिलं. अभिप्रायांची वही! दोरीला बांधलेल्या पेनासकट ती तिथं सकाळपासून पडून होती. पोलिसांच्या गोष्टी झाल्या, कपाटं उघडून झाली, जिन्याखालची मच्छिंद्रची वळकटी उलगडून झाली. वही कुणी उघडली नव्हती.

"ती मी वाचत नाही," दत्तप्रसाद ओशाळून म्हणाले. "पहिल्याच प्रदर्शनात एकानं लिहिलं, 'पंखा चित्रांवर आहे, तो माणसांवर लावावा.' त्यानंतर सोडलं."

रंगनाथरावांनी पानं उलटली. मागच्या प्रदर्शनातले शेरे एकाखाली एक होते. 'चित्रे ठीक. जिना उत्तम.' 'प्रवेश विनामूल्य ठेवला, हे प्रामाणिकपणाचे.' 'चित्रकारास भेटण्याची इच्छा नाही.' त्यांच्यानंतरच्या कोऱ्या पानावर, आजच्या तारखेखाली, गोल बायकी अक्षरात दोन ओळी होत्या:

'अहो, आराशीला डोंगर नेते आहे. सहाच्या आत'

पुढं नुसते ओरखडे. पेन वाळलं होतं. लिहिणारीनं ते चार वेळा झटकलेलं दिसत होतं. कागदावर निळे ठिपके होते, आणि मग नाद सोडून दिला होता.

"आराशीला! म्हणजे चैत्रगौर!" दत्तप्रसाद टाळी वाजवून ओरडले. "पंत, तुमचंच घर! तुमच्या मंडळींनी चित्र परत नेलं गौरीमागे लावायला. आणि माझ्या माणसावर आळ!"

"आळ तुम्हीच घेतलात," श्रीधरपंत म्हणाले. "आणि आमच्याकडचं हळदीकुंकू काल झालं. सकाळपासून उरलेली कैरीची डाळ खातोय मी. आरास आवरली, गौर परत देव्हाऱ्यात. डोंगर कशाला लागतो?"

"म्हणूनच हरभऱ्याला मोड आलाय," रंगनाथरावांनी रुमाल उघडला. "हा आजच्या हळदीकुंकवाचा नाही. काल संध्याकाळी कुणाच्या तरी ओटीत पडला, रात्रभर पिशवीत राहिला, आणि आज सकाळी चित्र काढताना त्या पिशवीतून इथं पडला. म्हणजे काल पंतांकडे हळदीकुंकवाला गेलेली बाई. आणि तिच्या घरी हळदीकुंकू आज आहे."

"पंतांकडे काल चाळीस बायका आल्या असतील!" दत्तप्रसाद म्हणाले.

"पंचावन्न," पंत म्हणाले. "पन्हं दोनदा करावं लागलं."

"पंचावन्न असोत. त्यातल्या किती जणींना ठाऊक होतं की आज पहाटे या दालनाचं दार नुसतं लोटलेलं असेल?"

दत्तप्रसादांच्या हातातलं भाषण अचानक फार महत्त्वाचं झालं. ते त्यातच पाहू लागले.

"किल्ली एकच," रंगनाथराव शांतपणे म्हणाले. "काल रात्री तुम्ही दालनात मच्छिंद्रला फोन केला असणार. पहाटे फुलं आण, दार लोटून जा, मी उजाडताच येतोच. आलात साडेनऊला. हा फुलं घेऊन परत येईपर्यंत दोन तास दार उघडं होतं, आणि ते तुमच्या सांगण्यावरून. हा माणूस सकाळपासून ते सांगत नाहीये, कारण तुम्ही मालक. आता मला एवढंच सांगा. तो फोन केलात कुठून?"

"घरून," दत्तप्रसाद म्हणाले. "जेवताना."

"वाढत कोण होतं?"

पंखा फिरत होता; चित्रांवरच.

"छे!" दत्तप्रसाद म्हणाले. "आमच्या हिला चित्रातलं काय कळतं? आणि 'अहो' काय, सगळं पुणं एकमेकांना अहो म्हणतं."

"तुमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू कधी आहे?"

दत्तप्रसादांनी छताकडे पाहिलं. "असतं बुवा. दरवर्षी असतं."

"चला," रंगनाथराव म्हणाले. "साडेतीन झाले. दोनच गल्ल्या पलीकडे तर राहता."

५

दत्तप्रसादांच्या फ्लॅटच्या दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग होता. आतून वाळ्याचा, कैरीचा, मोगऱ्याचा वास येत होता. चार पुरुष जिन्यात उभे राहिले. घर स्वतःचं असलं तरी या वेळी आत जायची दत्तप्रसादांची छाती होईना.

"उत्कर्षा, तू जा," रंगनाथराव म्हणाले. "तू आमचे डोळे."

उत्कर्षा जीन्सवरच आत गेली. तिच्या कपाळाला कुंकू लागलं, मनगटाला अत्तर, हातात पन्ह्याचा पेला आला. आणि मग तिनं समोर पाहिलं.

पायऱ्या पायऱ्यांची आरास. वर लाकडी झोपाळा, झोपाळ्यात बोटभर उंचीची पितळेची गौर, पुढं कलिंगडाचं कमळ. आणि गौरीच्या मागे भास्कररावांचा डोंगर. दालनात तो चित्र होता. इथं समईच्या उजेडात तो उभा होता. एक म्हातारी बाई पेंगत पेंगत म्हणत होती:

झोपाळ्यावरी गौर माझी बसली माहेरी
डोंगर बाप तिचा उभा पाठीशी कैवारी

उत्कर्षा बाहेर आली ती डोळे पुसतच. "आहे," ती म्हणाली. "आणि माझ्या फोटोशेजारी होतं त्यापेक्षा तिथं चांगलं दिसतंय. सॉरी, पण खरंच."

तिच्यामागून दत्तप्रसादांच्या पत्नी हेमाताई आल्या, हातात अत्तरदाणी. "अगंबाई! सगळे? आधी पन्हं घ्या."

"हेमा, तू चित्र चोरलंस?" दत्तप्रसाद कसेबसे म्हणाले.

"चोरलं? सकाळी साडेसहाला तुम्हाला विचारलं, गौर माहेरी आलीय, मागे बाप नको का, आजच्या दिवस तो डोंगर नेऊ? तुम्ही आरशासमोर भाषण म्हणत होतात. 'हं' म्हणालात. 'हं' म्हटलेलं तुम्हाला कधी आठवत नाही, म्हणून वहीतही लिहिलं. रिक्षानं नेलं, धुतलेल्या चादरीत गुंडाळून. आणि पोपट लावून आले, ते दिसले नाहीत?"

"दिसले की! समीक्षक तर म्हणाले—"

"ओळखलेत का, ते विचारतेय."

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"माझ्या रुखवतातले आहेत ते," हेमाताई म्हणाल्या. "लग्नाआधी अकरा महिने भरत होते. मांडवात येणाऱ्या माणसाचं स्वागत करायला. तेवीस वर्षं तुमच्या आरामखुर्चीच्या वर लटकताहेत. तुम्ही रोज त्यांच्याकडे पाठ करून पेपर वाचता."

तीस वर्षं घासलेली नजर जमिनीला लागली होती.

"मला वाटलं होतं," त्या थोड्या खाली आवाजात म्हणाल्या, "तिथं पाहून तुम्ही हसाल. म्हणाल, ही हेमाचीच करामत. चित्रांच्या रांगेत लावल्यावर तरी दिसतील." मग त्यांनी पदर खोचला. "असो. मच्छिंद्रभाऊ, तुम्ही का असे उभे? चेहरा केवढा उतरलाय."

उत्कर्षानं सगळं सांगितलं. चोर म्हणणं, पोलीस, नोकरी, रविवारची गाडी. हेमाताई ऐकत होत्या आणि त्यांच्या हातातली अत्तरदाणी हळूहळू खाली खाली येत होती.

"दार उघडं ठेवायला यांनीच सांगितलं, हे तुम्ही बोलला का नाहीत?"

"चौघाइच्या समोर सायबाची इज्जत गेली असती जी," मच्छिंद्र म्हणाला.

६

दत्तप्रसादांनी मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं बाबा, झालं गेलं. चित्र उचल, चल. तुझी नोकरी पक्की."

मच्छिंद्र हलला नाही. हा माणूस आठ महिने दालनात होता. पण तो नाही म्हणताना कसा दिसतो, ते कुणी पाहिलं नव्हतं.

"चित्र उचलतो जी. पण एक बोलू?"

"बोल की."

"चोर म्हटलं ते मोठ्यानं म्हटलं. पक्की म्हणता ते हळू म्हणता. अन् तेबी जिन्यात." तो पुढं म्हणाला, "चित्र सापडलं एवढंच लोकाइले मालूम होईन. माणसावर जे लागलं, ते तसंच राह्यते जी. मागच्या जागी बी तसंच राह्यलं. सायकल तर आठ दिवसानं सापडली होती."

"सायकल सापडली होती?" उत्कर्षानं विचारलं.

"हाव. कुनी सांगाले नाही आलं."

हेमाताई नवऱ्याकडे पाहत होत्या. नेहमीसारखं त्यांनी काही सुचवलं नाही, टोमणा मारला नाही. नुसत्या पाहत होत्या. आरती झाल्यावर, पाचला, त्यांनी स्वतः डोंगर चादरीत गुंडाळला आणि मच्छिंद्रच्या हातात दिला.

सहाला दालन भरलं होतं. आठव्या जोडीत डोंगर आपल्या जागी परतला होता, आणि पोपट पाहायला परत आलेले समीक्षक दुःखी होते. पाहुण्यांना शाल देऊन झाली. दत्तप्रसाद माईकसमोर आले, घसा खाकरला, भाषणाचा कागद उघडला. 'भूतकाळाच्या भूमीवर वर्तमानाची पावले' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. आरशासमोर पन्नासदा म्हटलेलं.

ते त्या वाक्याकडे पाहत राहिले. मग पहिल्या रांगेत बसलेल्या हेमाताईंकडे. मग दाराशी उभ्या असलेल्या मच्छिंद्रकडे.

"आज सकाळी," ते म्हणाले, आणि माईकवर बोट आपटलं. "आज सकाळी यातलं एक चित्र दिसत नव्हतं. मी आमच्या मच्छिंद्रला चोर म्हणालो. चार माणसांसमोर. दार उघडं ठेवायला मी सांगितलं होतं. वेळेवर मी आलो नाही. चित्र माझ्याच घरी होतं, माझ्याच परवानगीनं. मच्छिंद्रनं काही केलं नव्हतं. दार माझ्यामुळे उघडं राहिलं हे त्याला माहीत होतं, आणि माझी लाज जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला." त्यांनी कागद घडी घातला. "ही चूक माझी. बाकी चित्रं बघा. फोटो उत्कर्षाचे आहेत. तेही बघा."

पाहुणे गोंधळले. पण श्रीधरपंतांनी टाळी वाजवली, त्यांच्यामागे उत्कर्षानं, आणि मग का ते न कळता सगळ्या दालनानं.

साडेआठला गर्दी ओसरल्यावर मच्छिंद्र समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेला. वाशिमला शेजाऱ्याच्या दुकानात फोन लावला. चंद्रभागा धावत आली, तिला धाप लागली होती.

"काय झालं वो? आज काहून फोन? याचं ना आमी रविवारी?"

"या," मच्छिंद्र म्हणाला. "खिडकीजवळची जागा भेटली तर पाहा. पोरीले बाहेरचं दिसन."

"तुमचा आवाज असा काहून येते? रडता काय जी?"

"नाही वं. अठी लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. कानात बसल्या."

"कोनासाठी?"

बूथच्या काचेवर लाल आकडे पळत होते. मच्छिंद्रनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये," तो म्हणाला. "सांगतो."